विश्लेषण : पुण्याचे ‘राजा’ केळकर कोण होते? जुन्या आरशाची नक्कल विकत घेण्याआधी त्यांची गोष्ट का वाचावी?

घराच्या सजावटीचे काही शोधायला गेले की मोबाइलवर आता हमखास समोर येणारी वस्तू म्हणजे कोरीव लाकडी चौकटीचा आरसा. जुन्या झरोक्याचा आकार, ठिकठिकाणी उडालेला निळा-हिरवा रंग, काचेच्या कडेला काळसर डाग आणि खाली ‘हातकाम’ असा उल्लेख. यातले बहुतेक आरसे जुने नसतात, जुन्यासारखे घडवलेले असतात. त्यात गैर काही नाही, कारण कारागिराला त्यातून काम मिळते आणि घर सुंदर दिसते. प्रश्न वेगळाच आहे. ही ज्याची नक्कल आहे, तो मूळ आरसा आज कुठे आहे?

खानदेशात हा प्रश्न जवळचा आहे. दोंडाईचा, शिंदखेडा, नंदुरबार या पट्ट्यातली सागवानी खांबांची, कडीपाटाची, धाब्याची घरे पाडून त्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. जुन्या घरात राहणे सोपे नसते, त्यामुळे या निर्णयाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण घर उतरवताना खांब, तुळया, दरवाजे यांच्यासोबत लहानसहान लाकडी वस्तूही जातात आणि त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. या बातमीदाराच्या दोंडाईचातील आजोळी ओसरीवर असाच एक आरसा होता. हातभर उंचीची सागाची चौकट, वर समोरासमोर बसलेले दोन पोपट, खाली फणी-करंडा ठेवायला अरुंद फळी. घर उतरवले तेव्हा लाकूड वजनावर गेले आणि त्यात आरसाही गेला. तो कोणी घडवला, घरात कधी आला, हे आजीला विचारायचे राहून गेले.

पुण्यातल्या एका माणसाने आयुष्याची साठेक वर्षे नेमके हेच होऊ नये म्हणून घालवली. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर.

केळकर हे कोणी राजे होते का?

नाही. पुण्यातल्या संग्रहालयाची पाटी वाचून अनेकांचा असा समज होतो. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावातला राजा म्हणजे दिनकररावांचा मुलगा. तो लहानपणीच गेला. वडिलांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले आणि मराठी पद्धतीप्रमाणे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लागला. म्हणजे ज्या नावाने हा संग्रह जगभर ओळखला जातो, ते संग्राहकाचे नसून त्याच्या मुलाचे आहे.

दिनकररावांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. संग्राहक म्हणून नाव होण्याआधी ते कवी होते आणि ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा होता. त्यांच्यामागे संस्थान नव्हते, जहागीर नव्हती, गिरणीही नव्हती. त्या काळात भारतात कलावस्तू जमवणारे बहुतेक लोक राजघराण्यातले, इंग्रज अधिकारी किंवा मोठे उद्योगपती होते. मुंबईच्या मोठ्या वस्तुसंग्रहालयाला लाभलेले टाटा घराण्याचे संग्रह याचे उदाहरण. केळकर या रांगेत बसत नाहीत. ते मध्यमवर्गीय पुणेकर होते आणि त्यांनी जमवलेल्या वस्तूही बहुतांश घरातल्याच होत्या.

संग्रहाची सुरुवात कधी झाली?

साधारण १९२० च्या सुमारास. तो काळ जुन्या वस्तूंसाठी वाईट होता. पेशवाई जाऊन शंभर वर्षे झाली होती. सरदार घराण्यांचे उत्पन्न आटले होते, वाड्यांचे भाग पडत होते, वाटण्या होत होत्या. पितळी समई, कोरीव दरवाजा, पानाचा डबा यांना घरात किंमत उरली नव्हती. पितळ मोडीत जात होते आणि लाकूड चुलीत. दुसरीकडे विलायती कारखान्यांचा माल स्वस्त झाला होता. दिवा, कुलूप, कंगवा, आरसा अशी प्रत्येक वस्तू दुकानात तयार मिळू लागली होती.

केळकरांनी विकत घ्यायला सुरुवात केली ती अशा नको झालेल्या वस्तूंची. आधी पुणे आणि आसपास, मग महाराष्ट्राबाहेर, गुजरात, राजस्थान आणि थेट दक्षिणेपर्यंत. १९६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे १५,००० वस्तू झाल्या होत्या. साधा हिशेब केला तर चाळीस वर्षांत दरवर्षी सरासरी ३७५, म्हणजे दररोज एकाहून थोडी जास्त वस्तू. पगार, अनुदान, कर्मचारी यांपैकी काही हाताशी नसताना एका घराने केलेले हे काम आहे. पत्नी कमलाबाईंची साथ होती, म्हणूनच ते शक्य झाले. संग्रहालय ज्या इमारतीत आहे, त्या शुक्रवार पेठेतील नातूबागेच्या वास्तूचे नाव ‘कमल कुंज’ आहे.

त्यांनी नेमके काय जमवले?

शस्त्रे आणि मूर्ती आहेत, चित्रे आणि वाद्येही आहेत. पण या संग्रहाची खरी ओळख रोजच्या वापरातल्या वस्तू ही आहे. अडकित्ते, पानदाने, दौती, कुलपे, टाचा घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, देवघरातले आणि घरातले दिवे, कोरीव दरवाजे व खिडक्या, स्त्रियांच्या शृंगारातल्या फण्या, आरसे आणि कुंकवाचे करंडे. बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. भारतीय दिव्यांवर तर केळकरांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

या निवडीमागचा विचार साधा होता. अडकित्त्याने सुपारी कातरायची, वज्रीने टाच घासायची. त्यासाठी वस्तूला मोराचा किंवा घोड्याचा आकार द्यायची काहीच गरज नसते. तरीही गावातल्या कारागिराने तो दिला आणि घरातल्या माणसांनी त्यासाठी पैसे मोजले. राजदरबारातली कला कोणीतरी सांभाळतेच. ही घरातली कला मात्र वापरून झिजते, मोडते आणि फेकली जाते. केळकरांनी तीच उचलली.

खानदेशाशी याचा काय संबंध?

याच काळात असेच वेड घेतलेला दुसरा माणूस धुळ्यात होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. त्यांनी गावोगाव फिरून जुन्या घराण्यांची दप्तरे मिळवली, वाचली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेतून छापली. मालेचा पहिला खंड १८९८ चा, पुढे ती बावीस खंडांपर्यंत गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यातच गेले आणि लगेच १९२७ च्या जानेवारीत त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. त्यांचे कागद आजही तिथे सांभाळलेले आहेत.

राजवाडे गेले तेव्हा केळकर तीस वर्षांचे होते. एकाने कागद वाचवले, दुसऱ्याने वस्तू. दोघांच्या कामातला मुद्दा एकच होता. ज्या घराला आपल्याकडचा ठेवा रद्दी किंवा मोड वाटतो, त्या घरी ती मोडीत जाण्याआधी पोहोचायला हवे. खानदेशाला कागदांच्या बाबतीत राजवाडे मिळाले. इथल्या घरांतल्या लाकूडकामाला मात्र तसा पूर्णवेळ माणूस मिळाला नाही. म्हणून दप्तर वाचले आणि ज्या कोनाड्यात ते ठेवलेले होते, तो कोनाडा गेला, असे आपल्याकडे अनेकदा झाले.

सगळ्या वस्तूंत आरसाच एवढा महत्त्वाचा का?

कारण आरशात दोन वेगवेगळे उद्योग एकत्र येतात. काच बहुतेक वेळा लांबून आलेली असते, चौकट गावातली असते. आपल्याकडे फार पूर्वी आरसा म्हणजे घासून चकचकीत केलेला धातू. काचेचे मोठे आरसे युरोपातून बंदरांमार्गे आले, महाग होते आणि म्हणून श्रीमंतीची खूण होते. पुण्याच्या शनिवारवाड्यात आरसे महाल होता. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या आणि तोही गेला. आज कोणी कितीही कुशल सुतार आणला तरी त्या महालाची खात्रीलायक नक्कल करता येणार नाही, कारण समोर ठेवून पाहायला मूळच नाही.

काचेच्या मागचा थर हाही इतिहासच असतो. जुन्या पद्धतीत कथिलाचा पातळ पत्रा सपाट टेबलावर पसरत, त्यावर पारा ओतत आणि वरून काच सरकवत आणत. मग वजन ठेवून जास्तीचा पारा निथळू देत. पाऱ्याच्या वाफेने कामगारांची तब्येत बिघडे. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांनी काचेवर चांदीचा थर रसायनाने बसवता येतो हे दाखवले. पुढच्या काही दशकांत ती पद्धत कारखान्यांत पोहोचली आणि पारा मागे पडला. तरी मराठीत आजही डागाळलेल्या आरशाचा ‘पारा उडाला’ असेच आपण म्हणतो. कारखान्यातून गेलेला पारा भाषेत राहिला आहे.

चौकटीचे गणित याच्या उलट. सुतार त्याच्या सवयीचे लाकूड आणि त्याच्या ओळखीची नक्षी वापरत असे. पोपट, कमळ, वेल, गणपती, जे गावच्या दरवाजावर असे तेच आरशावरही येई. लहान घरांत वेगळा आरसा नसला तरी फणेरपेटी असे. लाकडी पेटी, आतल्या खणांत फणी, मेण आणि कुंकू, झाकणाच्या आत बसवलेला आरसा. झाकण उघडून तिरके टेकवले की आरसा समोर उभा राही. वेगळे कपाट लागत नसे, वेगळी खोलीही लागत नसे. घर कसे होते, त्यात बायकांना स्वतःची जागा किती होती, हे अशा एका पेटीवरून कळते.

मस्तानी महाल मूळ आहे की नक्कल?

केळकरांच्या आयुष्यातले हे सर्वात बोलके काम आहे आणि आजच्या चर्चेलाही ते थेट लागू होते. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला, तो १७३४ चा. पुढे त्याची पडझड झाली. केळकरांनी त्याचे उरलेले भाग मिळवले आणि आपल्या संग्रहालयात पुन्हा जुळवून उभे केले.

आता याला काय म्हणायचे? जागा मूळ नाही. कोथरूडचा महाल शुक्रवार पेठेत आला आहे. जुने भाग नव्या भिंतींच्या आत जुळवले आहेत. कडक नियम लावला तर ही वास्तू मूळ ठरत नाही. पण ती नक्कलही नाही. जे मूळ शिल्लक होते ते आत आहे, कुठून आणले ते सांगितले आहे आणि पाहणाऱ्याची फसवणूक केलेली नाही. पुनर्रचना आणि बनावट यांत हाच फरक असतो. वस्तू किती जुनी आहे यापेक्षा तिच्याबद्दल सांगितलेली माहिती किती खरी आहे, हे महत्त्वाचे.

संग्रह सरकारला का दिला?

१९६२ मध्ये संग्रहाला संग्रहालयाचे रीतसर रूप आले. १९७५ मध्ये केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. तोपर्यंत जुन्या वस्तूंचा बाजार पूर्ण बदलला होता. विशीत ज्या वस्तू मोडीच्या भावात मिळत, त्यांना आता परदेशी गिऱ्हाईक होते. एकेक करून विकल्या असत्या तर पैसे आले असते, पण संग्रह फुटला असता. अडकित्त्यांची रांग एकत्र असते तेव्हाच एका भागाचा आकार दुसऱ्या भागापेक्षा कसा वेगळा, हे दिसते. एकटा अडकित्ता दिवाणखान्यातली शोभेची वस्तू होऊन बसतो.

पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली आणि १९८० मध्ये पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आज संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यातल्या साधारण अडीच हजार मांडलेल्या आहेत. म्हणजे दर आठ वस्तूंमागे एकच आपल्याला दिसते. बाकीच्या जागेअभावी आत आहेत. सांभाळणे हे मिळवण्याइतकेच खर्चाचे काम असते, हेही या आकड्यातून कळते.

मग जुन्या पद्धतीच्या आरशाची नक्कल घ्यावी की नाही?

जरूर घ्यावी. नक्कल करणारा हात नसेल तर कोरीवकामही उरणार नाही. जोधपूर आणि सहारनपूर इथल्या कारागिरांची मोठी संख्या अशाच कामावर जगते. फक्त नक्कल नक्कल म्हणून, तिच्या किमतीत घ्यावी. जुनी म्हणून कोणी विकत असेल तर काही गोष्टी घरीच तपासता येतात.

• आरशाला नख टेकवून पाहा. नख आणि प्रतिबिंब यांच्यात दिसणारे अंतर काचेच्या जाडीवर अवलंबून असते. जुनी काच बऱ्याचदा पातळ आणि थोडी लाटदार असते, डोके हलवले की प्रतिबिंब किंचित डुलते. कारखान्यातली नवी काच सपाट असते.

• लाकूड वर्षानुवर्षे वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे जुनी गोल चौकट दोन दिशांनी मोजली तर बहुधा किंचित लंबगोल निघते आणि कोपऱ्यांचे तिरके सांधे आतून फाकलेले असतात.

• किड्याची भोके पाहा. खरा किडा सरळ रेषेत जात नाही. सगळी भोके एकाच मापाची आणि सरळ असतील तर ती ड्रिलची.

• झीज कुठे आहे ते पाहा. हात लागतो तिथे, म्हणजे खालची फळी आणि बाजूची कड इथे, जुनी चौकट गुळगुळीत होते. कोणाचा हात पोहोचणार नाही अशा जागीही रंग सारखाच उडालेला असेल, तर तो घासकागदाने उडवलेला आहे.

यातली एकच खूण पुरेशी नसते. जुन्या चौकटीत नवी काच घातलेली असू शकते आणि नव्या चौकटीत जुनी. चार-पाच खुणा एका दिशेने गेल्या तरच अंदाज बांधावा.

कायद्याची बाजूही आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलासंपत्ती कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे दीडशे वर्षांचा आरसा थेट परदेशी पाठवू, असे कोणी सांगत असेल तर एकतर आरसा तेवढा जुना नाही किंवा व्यवहार कायदेशीर नाही.

घरात असा आरसा असेल तर काय करावे?

पहिली गोष्ट, घाईने चकाचक करू नये. पॉलिशवाल्याकडे देऊन जुना थर खरवडला की वस्तूचे वय पुसले जाते. आरशाची मागची बाजू तर अजिबात घासू किंवा तापवू नये, कारण फार जुन्या आरशात अजून पारा असू शकतो. डाग पडलेली काच बदलायचीच असेल तर जुनी काच जपून बाजूला ठेवावी.

दुसरी गोष्ट जास्त सोपी आणि बिनखर्चाची आहे. समोरून, मागून आणि सांध्यांचा जवळून असे फोटो काढावेत, मापे घ्यावीत. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला विचारून तीन-चार ओळी लिहून ठेवाव्यात. कोणाच्या लग्नात आला, कोणत्या गावाहून, सुतार कोण, घरात कुठे टांगलेला असे. घर उतरवायचे असेल तर लाकूडवाला येण्याआधी हे करावे. मूळ वस्तू गेलीच, तरी एवढ्या माहितीवर गावातला चांगला सुतार तशीच दुसरी घडवू शकतो, आणि ती नक्कल कशाची आहे हे त्याला आणि घरच्यांनाही ठाऊक असते.

केळकरांकडे साठ वर्षे होती आणि एका वस्तूसाठी कुठेही जायची तयारी होती. आपल्यापैकी बहुतेकांकडे ती नसते. पण फोन प्रत्येकाच्या खिशात आहे आणि विचारायला कोणीतरी घरात अजून आहे. दोंडाईचातला तो पोपटांचा आरसा आता कोणत्या दुकानात, कोणत्या नावाने टांगलेला असेल किंवा कधीच जळून गेला असेल, याचा पत्ता लागणे अशक्य आहे. त्याचा एकही फोटो नाही.